भातावरच्या करप्याला जिवाणूंची पुडी: खरंच चालते का?

मुरबाडी
नमस्कार मंडळी. शेती आमची मुरबाड तालुक्यात, निव्वळ पावसाळी भात. कसतो धाकटा काका. मी भांडुपला नोकरी करून लावणी-कापणीला हजेरी लावणारा. अडचण अशी की भात निसवला की मानमोडी येते. लांबून लोंबी पिकल्यासारखी पांढुरकी दिसते, हातात घेऊन चुरगळली की सगळा पळंज, आत दाणाच नाही. लोंबी जिथून सुटते त्या पेराशी काळपट-तपकिरी कडं पडलेलं असतं आणि वाऱ्याने ती तिथेच मोडून लटकते. काका ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक फवारतो. कधी जमतं, कधी पाऊस धुऊन नेतो.

यंदा कृषी सहाय्यकांनी बियाण्याला स्युडोमोनास फ्लुरोसन्स नावाच्या जिवाणूची पुडी चोळायला सांगितलंय. काकाचं म्हणणं, "रोगावर जंतूच चोळायचे? मग डेंग्यूवर डास सोडा!" मला वाटतं पुडी काही महाग नाही, करून बघावं. पण भात, नाचणी, ज्वारी, गहू यांवर कुणी हे खरोखर वापरलंय का? डाळिंब-टोमॅटोचे अनुभव ढिगाने सापडतात, धान्याचे नाहीत. आणि मुंबईत बरा माल कुठे मिळतो? रोहिणीत पेरणी आहे, वेळ फार नाही.

खिडकीची_सीट
शीर्षक वाचून वाटलं दह्याच्या विरजणाचा धागा आहे. बसलोय आता, चालू द्या.

गच्चीवाली
आम्ही सोसायटीच्या गच्चीवर कुंड्यांत ट्रायकोडर्मा घालतो. मिरचीची रोपं मरायची थांबली. तोच ना हा जिवाणू?

सूक्ष्मदर्शी
गच्चीवालीताई, ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. बुरशीवर बुरशी. मुरबाडी विचारतायत ते जिवाणू, म्हणजे मुख्यतः दोन: स्युडोमोनास आणि बॅसिलस सबटिलिस. दुकानात तिन्ही एकाच फळीवर असतात आणि दुकानदार तिघांनाही "बुरशीचं औषध" म्हणतो, त्यामुळे हा घोळ कायमचा.

आता काकांचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाताचा कडा करपा हा जिवाणूनेच होतो, झँथोमोनास ओरायझी. म्हणजे जिवाणू भातावर रोग आणतात हे काकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण साधा करपा आणि मानमोडी बुरशीची, मॅग्नापोर्थे ओरायझीची. पानावर होडीच्या आकाराचे ठिपके, मधे राखाडी, कडेला तपकिरी, असं दिसलं की बुरशी समजा. पानाच्या कडेने पिवळी-पांढरी पट्टी खाली उतरत गेली तर तो कडा करपा, आणि त्याची वाट वेगळी.

चांगला जिवाणू काय करतो? पहिलं, जागा अडवतो. कल्याणहून सुटलेल्या गाडीत डोंबिवलीकराला सीट मिळत नाही, तेवढंच. मुळातून जो साखर-आम्लांचा पाझर होतो त्यावर हा आधीच बसलेला असतो. दुसरं, तो बुरशीला मारक रसायनं सोडतो. स्युडोमोनासच्या काही वाणांत डायअॅसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल आणि फेनाझिन, बॅसिलसमध्ये आयट्युरिन आणि फेन्जायसिन. तिसरं, सायडरोफोर नावाचे रेणू सोडून मातीतलं लोह स्वतःकडे ओढतो, बुरशी उपाशी. चौथं भातासाठी सगळ्यात महत्त्वाचं: मुळाशी बसलेल्या जिवाणूमुळे सबंध रोप सावध होतं आणि पानावर बुरशी उतरली तर प्रतिकार लवकर सुरू होतो. करपा येतो पानावर, जिवाणू असतो मुळाशी. दोघांची गाठसुद्धा पडत नाही, तरी रोग कमी होतो तो याच्यामुळे.

खिडकीची_सीट
डोंबिवलीकर म्हणून मी या उदाहरणाचा निषेध नोंदवतो. आम्ही उलटे कल्याणला जाऊन बसून येतो.

सूक्ष्मदर्शी
@खिडकीची_सीट, काही बुरश्याही तेच करतात. बियाण्यातूनच येतात.

मनोरमा_ना
मुरबाडी, तुमचे काका नकळत खरं बोलून गेले. डेंग्यूवर खरोखरच डास सोडतात. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू पोटात असलेले डास सोडले, त्या भागात डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणि तिथेही काम करतो जिवाणूच!

मुरबाडी
हे काकाला सांगितलं. म्हणाला, "मग डासच आण, पुडी कशाला."

अंबाडी
सूक्ष्मदर्शींचं पुस्तकी विवेचन छान आहे, पण कोकणातल्या खाचरात त्यातलं लोहाचं प्रकरण फारसं लागू पडत नाही. आपली तांबडी जांभ्याची माती, आंबट, लोहाने ठासून भरलेली. त्यात भाताला पाणी साचलेलं. साचलेल्या पाण्यात हवा नाही, मग लोह विरघळणाऱ्या रूपात जातं आणि सगळ्यांना मुबलक मिळतं. बुरशी उपाशी कशी राहणार? लोहाच्या चढाओढीचे दाखले बहुतेक चुनखडीच्या किंवा अल्कली जमिनीतले, कोरडवाहू पिकांचे. ते उचलून भाताला चिकटवणं बरोबर नाही.

दुसरं, फवारणी. पावसाळ्यात आमच्याकडे एखाद्या दिवशी एवढा पाऊस पडतो की पानावर जिवाणू काय, मारलेलं औषधही राहत नाही. त्यामुळे "फवारा मारा" असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

माझं स्पष्ट मत: करप्याचं निम्मं कारण युरियाच्या गोणीत आहे. हिरवंगार, मऊ, लुसलुशीत भात दिसला की शेजारी कौतुक करतो आणि करपाही तिथेच आधी येतो. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत पहिलं सूत्रच भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायचं आहे. तुसात सिलिका असते, ती पानाच्या सालीत बसते, बुरशीला आत शिरणं जड जातं. शिवाय युरिया फोकून न देता युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मधे चिखलात खोचायच्या. हे करा, पुडी घेतली नाही तरी चालेल.

सूक्ष्मदर्शी
अंबाडी, लोहाचा मुद्दा मान्य. आंबट आणि पाणथळ जमिनीत सायडरोफोरचा जोर कमी पडतो. पण म्हणून उरलेल्या तीन गोष्टी बाद होत नाहीत. आणि राख विरुद्ध जिवाणू अशी लढत लावायची गरज काय? दोन्ही रोपवाटिकेतच करायचं आहे.

अंबाडी
लढत मी लावत नाहीये. पैसे थोडे असताना आधी कुठे घालायचे एवढंच सांगतोय. तूस गिरणीवर फुकट मिळतं.

सोलापुरी_परळ
आमच्याकडे रब्बी ज्वारीला खडखड्या येतो. दाणा भरताना जमीन सुकली, ऊन वाढलं की ताट आतून पोकळ होतं आणि आडवं पडतं. चिरून बघितलं तर आत नुसते धागे आणि मोहरीहूनही बारीक काळे कण. ती बुरशी मातीत राहते, मॅक्रोफोमिना. भावाने ज्वारीच्या बियाण्याला स्युडोमोनास लावलं होतं. त्याचं म्हणणं, ज्या साली पाऊस बरा त्या साली फरक दिसतो, पण त्या साली तसाही खडखड्या कमी असतो. आता ठरवा! काणीला (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होते तो रोग) मात्र आमच्याकडे अजून गंधकच, किलोला चार ग्रॅम. त्याला तोड नाही.

निशिगंध७
सोलापुरी, तुमच्या भावाचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

गव्हाणी
गव्हाचं कुणी बोलत नाहीये म्हणून. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गव्हाचंच आहे. टेक-ऑल नावाचा मूळकुजीचा रोग, थंड देशांतला. एकाच शेतात वर्षामागून वर्षं गहू घेतला तर रोग आधी वाढत जातो, पीक हातचं जातं, आणि मग कुणी काही न करता तो आपोआप ओसरतो. पीक बदललं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला जेम्स कुक आणि डेव्हिड वेलर यांनी याच्या मागे लागून दाखवलं की त्या मातीत मुळांवर स्युडोमोनास जमत जातात, आणि त्यातले फ्लोरोग्लुसिनॉल बनवणारे वाण बुरशीला आवरतात. म्हणजे पुडी नाही, दुकान नाही. शेतानेच जिवाणू पाळले. मला हे फार आवडतं.

तांबेऱ्यावर (गव्हाच्या पानावर गंजासारखी पूड आणणारी बुरशी) मात्र जिवाणूंची मात्रा फारशी चालत नाही. तो वाऱ्याने येतो, जिवंत पानातच वाढतो आणि झपाट्याने पसरतो. तिथे रोगाला न जुमानणारे वाण काढणं हाच खरा रस्ता. त्यासाठी आपल्याकडे महाबळेश्वरला गहू तांबेरा संशोधन केंद्र आहे. लोक स्ट्रॉबेरी खाऊन परत येतात, कुणाला पत्ता नसतो.

खिडकीची_सीट
मका-पॅटिस विसरलात.

गव्हाणी
आणि स्वीडनचं राहिलं. तिथे सातू (बार्ली) आणि ओटच्या बियाण्याला लावायचं स्युडोमोनास क्लोरोरॅफिस १९९० च्या दशकातच बाजारात आलं. प्रयोगशाळेतलं खेळणं नाही ते, शेतकरी वर्षानुवर्षं वापरतायत. पण लक्षात घ्या, ते बियाण्यातून येणाऱ्या बुरशीवर. बी पेरताना बुरशी आणि जिवाणू एकाच दाण्यावर समोरासमोर असतात, म्हणून तिथे हमखास गुण येतो.

पेजवाली
मला एकच सांगा, तांदळात हे जिवाणू आपल्या पोटात जातात का? वाडा कोलम घेते मी, धुवून पाणी कुंडीत टाकते.

सूक्ष्मदर्शी
बियाण्याला लावलेले जिवाणू मुळाशी राहतात, दाण्यात उतरत नाहीत. आणि तुम्ही भात शिजवता ना! बॅसिलस सबटिलिस तर जपानी लोक नाट्टोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनमध्ये, आवडीने खातात. काळजी करायचीच तर रसायनाच्या अंशाची करा. युरोपने ट्रायसायक्लाझोलची मर्यादा २०१८ पासून किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा आपल्या बासमतीवाल्यांची धावपळ झाली होती. या जिवाणूंकडे लक्ष वाढलं त्याचं एक कारण तेही आहे.

रात्रपाळी
थोडं थांबा. मी रुग्णालयात काम करते. स्युडोमोनास हे नाव आमच्याकडे काढलं की अतिदक्षता विभागात सगळे गंभीर होतात. जखमेतून हिरवट पू, साध्या प्रतिजैविकांना दाद नाही. आणि इथे लोक हाताने चोळा म्हणतायत?

सूक्ष्मदर्शी
रात्रपाळीताई, तुम्ही म्हणताय ती स्युडोमोनास एरुजिनोसा. एकाच कुळातली, पण जात वेगळी. फ्लुरोसन्सला शरीराच्या तापमानात वाढायला जड जातं, तिला थंडावा आवडतो. तरी तुमची भीती अगदीच निराधार नाही. बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा जिवाणू बुरशीनाशक म्हणून उत्तम होता, पण सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात तो जीवघेणा ठरतो हे कळल्यावर त्याच्या वापरावर हात आखडता घेतला गेला. हातमोजे घालावेत, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगावं.

देशी_जुगाड
एवढं सगळं कशाला? एक लिटर कल्चर आणा, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दोन किलो गूळ घालून सोडा, काठीने ढवळा. आठवड्यात दोनशे लिटर औषध तयार. गावोगाव करतायत लोक.

रात्रपाळी
याच ड्रमची मला भीती वाटते.

सूक्ष्मदर्शी
देशी_जुगाड, ड्रममध्ये काहीतरी वाढतं हे नक्की, काय वाढतं ते विचारा. स्युडोमोनासला भरपूर हवा लागते. गुळाच्या पाण्यात दोन दिवसांत यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू बोकाळतात, पाणी आंबट होतं, फेस येतो, वास सुटतो. तो फेस बघून माणूस खूश होतो. स्युडोमोनास त्यात तोवर औषधालाही उरत नाही.

पुडीचंही तेच. नोकरीत असताना एक विद्यार्थी दुकानातून पुड्या घेऊन आला होता. चिमूटभर भुकटी पातळ करून किंग्ज बी माध्यमावर (जिवाणू वाढवायचं खाद्य) पसरली, दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली बशी धरली. स्युडोमोनास फ्लुरोसन्स पोपटी चमकतो, नावच त्यावरून. एका बशीत सगळीकडे पोपटी उजेड. दुसरीत काळोख, आणि साधा दिवा लावून पाहिलं तर सुरकुतलेल्या पांढऱ्या वसाहती, म्हणजे भलतंच काहीतरी. दोन्ही पुड्यांवर मजकूर जवळपास सारखाच होता.

म्हणून "माझ्याकडे चाललं", "माझ्याकडे नाही चाललं" या दोन्ही अनुभवांत पहिला प्रश्न हाच की पुडीत जिवंत काय होतं. नियमाप्रमाणे ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. स्युडोमोनास बीजाणू करत नाही, त्यामुळे उन्हात, गरम गोदामात भराभर मरतो. बॅसिलस बीजाणू करतो, तो टिकतो.

मुलुंड_चेकनाका
दुकानाचं मी सांगतो. मुंबईत बागकामाच्या दुकानात लहान पुड्या मिळतात, पण खप कमी म्हणून माल पडून असतो. मला एका दुकानात शोकेसच्या काचेला टेकवून उन्हात ठेवलेली पुडी दिली, वर मुदतीच्या तारखेवर किमतीचा स्टिकर. नख लावून स्टिकर काढला तर मुदत मागच्या दिवाळीलाच संपलेली. मुरबाडला जाताच आहात तर तालुक्याच्या कृषी विभागातून किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रात चौकशी करून घ्या.

आणि लेबल वाचा. रोगावरचं जैविक औषध १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलं असतं, नोंदणी क्रमांक छापलेला असतो. जैविक खत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतं. खताच्या पुडीवर "करपा हटवा" लिहिलं असेल तर दुकानदाराला चहा पाजून बाहेर पडा.

कातकरवाडी
गोराईला आमची थोडी नाचणी-भात असते. एक शंका. आम्ही राब भाजतो, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतो. आग लावलेल्या जागेत जिवाणू घालून उपयोग काय?

अंबाडी
चांगला प्रश्न. राब भाजल्याने वरच्या थरातले रोगकण आणि तणाचं बी जळतं, पण चांगलेही जिवाणू जातात. कृषी विद्यापीठ तर आता राब न भाजता गादीवाफ्यावर रोपं करा म्हणतं. पण भाजलाच असेल तर पेरणीच्या वेळी जिवाणू घालणं माझ्या मते अधिकच शहाणपणाचं. जागा रिकामी आहे तोवर आपला माणूस बसवायचा. (खिडकीची_सीट, गप्प बसा.)

खिडकीची_सीट
मी कुठे काय बोललो.

मुरबाडी
मंडळी, राख, गोळ्या, लेबल सगळं टिपून घेतलं. पण करायचं कसं ते कुणी क्रमाने सांगेल का? काकाला वाचून दाखवायचंय.

सूक्ष्मदर्शी
सांगतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओता. तरंगेल ते पळंज आणि रोगट, काढून टाका. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. हे चुकवू नका, मीठ राहिलं तर जिवाणू मरतील आणि बीही नीट रुजणार नाही. मग सावलीत सुकवून किलोला दहा ग्रॅम स्युडोमोनासची भुकटी थोड्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, पुन्हा सावलीत सुकवा, लगेच पेरा. उन्हात अजिबात नको.

लावणीला रोपं उपटली की खाचराच्या कोपऱ्यात छोटा वाफा बांधून त्यात पाणी साठवा, एकराला एक किलो या हिशेबाने भुकटी कालवा आणि मुळं अर्धा तास बुडवून ठेवा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची पद्धत साधारण अशीच आहे. लावणीला माणसं खोळंबलेली असताना अर्धा तास कोण थांबणार, हे मला माहीत आहे. पहिल्या जुड्या भिजेपर्यंत चहा घ्या.

ताम्रयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोसायक्लीन यात मिसळू नका, त्याने आपलेच जिवाणू मरतील. आणि मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, चालतं, पण रोग यायच्या आधी घातलं तरच. मानेवर काळं कडं दिसल्यावर जिवाणू काही करत नाहीत. काकांचं ट्रायसायक्लाझोल घरात राहू द्या. पोटरीच्या वेळी (लोंबी अजून पोटात असताना) पानांवर ठिपके असतील, रात्री गार आणि भुरभुर पाऊस असेल तर लोंबी बाहेर पडता पडता ते मारावंच लागेल. ठिपके नसतील तर एक फवारणी वाचली.

अंबाडी
याला माझी हरकत नाही. फक्त युरिया कमी केल्याशिवाय यातलं काहीही करू नका, नाहीतर श्रेय पुडीला आणि शिव्याही पुडीला.

सोलापुरी_परळ
आणि एक खाचर तसंच ठेवा. पुडी नाही, बाकी सगळं तेच. नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या भावासारखं बोलावं लागेल.

मुरबाडी
काकाशी बोलणं झालं. बियाणं आणि रोपं दोन्हीला लावायला तयार आहे, युरियाही हात राखून टाकेन म्हणतो. पुडीविना ठेवायच्या खाचरावर मात्र अडलंय. रस्त्याकडेचं ठेवायला तयार नाही. तिथे करपा आला तर येणारा-जाणारा विचारतो म्हणे. ओढ्याकडचं ठेव म्हणतो.

अंबाडी
ओढ्याकडचं नको. तिथे दव उशिरा सुकतं, करपा तसाही जास्त येणार आणि पुडी फुकटची जिंकेल. रस्त्याकडच्याच खाचरात मधे बांध घालून अर्धं-अर्धं करा.

मुरबाडी
विचारून सांगतो. बांध घालायचं काम मलाच लागणार असं दिसतंय.